बर्फात चालेल आणि खिशाला परवडेल: अमेरिकेतल्या तरुण सैनिकाने गाडी कशी निवडावी?

अमेरिकी सैनिकांच्या मीम पेजेसवर एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा ट्रेनिंग संपवून पहिल्या पोस्टिंगवर येतो. आयुष्यात पहिल्यांदाच खात्यात नियमित पगार पडायला लागलेला असतो. महिनाभरात तो लष्करी तळाच्या गेटबाहेरच्या डीलरकडून चकचकीत मस्टँग घेऊन येतो. व्याजदर? २० टक्क्यांच्या पुढे!

विनोद इथे संपतो. पण पोस्टिंग बर्फाच्या प्रदेशात असेल तर खरी गोष्ट इथे सुरू होते. नोव्हेंबरमध्ये पहिला मोठा बर्फ पडतो. पहाटे साडेसहाला हजेरी असते आणि मस्टँगची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. गाडी हलत नाही, हप्ता मात्र थांबत नाही.

मग कमी पगार, बर्फाळ हिवाळा आणि कधीही होऊ शकणारी बदली, या तिन्ही गोष्टी सांभाळून गाडी कशी निवडायची? एकेक मुद्दा समजून घेऊ.

आधी हे बघू, बर्फ नेमका किती?

अमेरिकी लष्कराचे बर्फाळ भागातले दोन तळ या चर्चेत हमखास येतात.

पहिला फोर्ट ड्रम. हा न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहरापासून खूप लांब, उत्तरेला कॅनडाच्या सीमेजवळ. शेजारचं शहर वॉटरटाऊन. लष्कराची १० वी माउंटन डिव्हिजन इथेच असते. पश्चिमेला लेक ऑन्टारियो हे प्रचंड सरोवर आहे. हिवाळ्यात थंडगार वारा या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहतो, बाष्प उचलतो आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर बर्फ म्हणून ओततो. याला 'लेक इफेक्ट' बर्फ म्हणतात. तळाच्या दक्षिणेला टग हिल नावाचं पठार आहे. तिथे वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त, म्हणजे ५ मीटरच्या वर बर्फ पडतो. नोव्हेंबर २०२२ च्या एकाच वादळात वॉटरटाऊनच्या परिसरात काही ठिकाणी ६ फुटांच्या आसपास बर्फ साचला होता.

या बर्फाची आणखी एक खोड आहे. तो अरुंद पट्ट्यांत पडतो. म्हणजे इथे लख्ख ऊन आणि दहा मैल पुढे गेलात की बॉनेटच्या पलीकडचं दिसत नाही.

दुसरा तळ फोर्ट वेनराईट. हा अलास्कातल्या फेअरबँक्स शहराजवळ आहे. इथे मुख्य शत्रू बर्फापेक्षा थंडी. पारा उणे ४० पर्यंत उतरू शकतो. (उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही सारखेच, त्यामुळे गणित करायची गरज नाही.)

म्हणजे 'बर्फात चालणारी गाडी' हा एकच प्रश्न नाही. एका ठिकाणी साचलेल्या बर्फातून वाट काढायची आहे, तर दुसऱ्या ठिकाणी मुळात इंजिन सुरू करायचं आहे.

पण सैनिकाला गाडी लागतेच का?

अविवाहित तरुण सैनिक बहुतेक वेळा तळावरच्या बराकीत राहतो. राहायला भाडं नाही, जेवायला मेस आहे. काही जण पहिलं वर्ष गाडीशिवाय काढतात आणि मित्रांच्या गाडीत पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. हा पर्याय आधी नीट तपासून बघावा. कारण जी गाडी घेतलीच नाही, तिच्याइतकी स्वस्त गाडी दुसरी कुठलीच नाही.

पण तळ पसरलेले असतात. सार्वजनिक वाहतूक जवळपास नसते. बराक, कामाची जागा आणि दुकान यांत मैलांचं अंतर असू शकतं. आणि लष्करात 'गाडी सुरू झाली नाही' हे कारण सहसा चालत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर नसणं हा अमेरिकी लष्करी कायद्याच्या कलम ८६ खाली गुन्हा आहे. ऑफिसला उशीर झाला तर तुम्हाआम्हाला बॉसचे दोन शब्द ऐकावे लागतात. तिथे नोकरीच्या नोंदीवर डाग पडू शकतो.

म्हणून या गाडीकडून अपेक्षा एकच. रोज सकाळी सुरू व्हायला हवी आणि वेळेत पोचायला हवी. बाकी सगळं नंतर.

पगार किती आणि त्यात बसतं काय?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने कनिष्ठ सैनिकांचे पगार वाढवले. त्यानंतर सगळ्यात खालच्या ई-१ श्रेणीचा मूळ पगार महिन्याला साधारण २,३०० डॉलर झाला. ई-४ ला सुरुवातीला साधारण ३,००० डॉलर. यातून कर कापला जातो.

राहणं-खाणं जवळपास सुटलेलं असल्यामुळे हा पैसा 'मोकळा' वाटतो. डीलरलाही हे पक्कं माहीत असतं. सैनिक म्हणजे त्याच्यासाठी सोन्यासारखं गिऱ्हाईक. सरकारी पगार दर महिन्याला येणार, नोकरी अचानक जाणार नाही आणि कर्ज थकलं तर वरिष्ठांचा दबाव आहेच. त्यात वय लहान, कर्जाचा इतिहास कोरा आणि करार वाचायची सवय नाही. म्हणूनच अनेक तळांच्या बाहेर 'ई-१ पासून पुढे सगळ्यांना कर्ज मंजूर' अशा पाट्या दिसतात.

आता आकडे बघू. हे फक्त उदाहरण आहे, पण गणित खरं आहे.

समजा २०,००० डॉलरचं कर्ज ७२ महिन्यांसाठी घेतलं.

• ६ टक्के व्याज: हप्ता साधारण ३३१ डॉलर, एकूण व्याज साधारण ३,९०० डॉलर.
• २१ टक्के व्याज: हप्ता साधारण ४९१ डॉलर, एकूण व्याज साधारण १५,३०० डॉलर.

गाडी तीच, शोरूम तेच. फक्त व्याजदर बदलला आणि साधारण ११,४०० डॉलर जास्त गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आता दुसरं उदाहरण. ८,००० डॉलरचं कर्ज, ४८ महिने, ८ टक्के व्याज. हप्ता साधारण १९५ डॉलर, एकूण व्याज साधारण १,४०० डॉलर. ई-१ च्या पगारात १९५ चा हप्ता म्हणजे साडेआठ टक्के. ४९१ चा हप्ता म्हणजे एकवीस टक्के, आणि विमा, पेट्रोल, टायर हे सगळं त्याच्या वर.

कायदा सैनिकाला वाचवत नाही का?

वाचवतो, पण नेमका इथेच नाही.

अमेरिकेत २००६ मध्ये 'मिलिटरी लेंडिंग ॲक्ट' आला. सेवेतल्या सैनिकाला दिलेल्या अनेक प्रकारच्या कर्जांवर ३६ टक्क्यांहून जास्त आकारणी करता येत नाही, असं हा कायदा सांगतो. पण गाडी घेण्यासाठी तीच गाडी तारण ठेवून घेतलेलं कर्ज या कायद्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तरुण सैनिक जे सगळ्यात मोठं कर्ज घेतो, तेच छत्रीच्या बाहेर.

दुसरा कायदा 'सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट'. याच्याखाली ६ टक्क्यांची व्याजमर्यादा मिळते. पण कधी? कर्ज लष्करात येण्याआधी घेतलं असेल तर. भरती झाल्यावर घेतलेल्या कर्जाला ही सवलत नाही. 'मी सैनिक आहे, मला ६ टक्केच लागेल' असं समजून सही करणारे इथे फसतात.

यात आधी काय घडलंय तेही बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने सैनिकांना वाहनकर्ज देणाऱ्या एका योजनेवर कारवाई केली. योजनेची फी आणि सोबत विकलेल्या जोडसेवांची खरी किंमत नीट सांगितली नव्हती, असा ठपका होता. संबंधित बँक आणि तिच्या भागीदार कंपनीला ५० हजारांहून जास्त सैनिकांना मिळून साधारण ६५ लाख डॉलर परत करावे लागले. या योजनेत हप्ता थेट पगारातून कापला जायचा. पुढे जानेवारी २०१५ पासून संरक्षण खात्याने गाडीसारख्या वस्तूंच्या खरेदीसाठी पगारातून थेट कपात लावण्याची सोयच नव्याने देणं बंद केलं.

कर्ज थकलं की गाडी उचलून नेली जाते. तिचा लिलाव होतो आणि त्यातून कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर उरलेली रक्कम डोक्यावर राहतेच. म्हणजे गाडी नाही, पण देणं आहे. शिवाय गुप्त माहिती हाताळण्याची परवानगी देताना सैनिकाची आर्थिक स्थिती तपासतात. थकलेल्या कर्जामुळे ती परवानगी, आणि तिच्याबरोबर नेमणूकही, अडचणीत येऊ शकते.

आता गाडीकडे वळू. फोर व्हील ड्राइव्ह लागतेच का?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फात जागेवरून उठते चांगली. चढावर घसरत नाही, पार्किंगमधून बाहेर पडते. पण ब्रेक लावताना या यंत्रणेचा उपयोग होत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. म्हणून बर्फात रस्त्याच्या कडेला उलटलेल्या गाड्यांमध्ये मोठमोठ्या फोर बाय फोरही दिसतात. निघताना आत्मविश्वास मिळतो, थांबताना तो कामाला येत नाही.

खरा फरक पडतो तो टायरमुळे.

साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरा बर्फात रुततात. वर्षभर चालणारे 'ऑल सीझन' टायर या दोघांच्या मधले. सौम्य हिवाळ्यात ठीक, टग हिलच्या पायथ्याशी अपुरे.

टायर घेताना बाजूला एक चिन्ह शोधा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल. बर्फावरची चाचणी पास झालेल्या टायरलाच हे चिन्ह मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरेसं नाही. ते टायरच्या खाचांच्या रचनेवरून दिलं जातं, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते.

टायरबद्दल आणखी चार गोष्टी:

• चारही बदला. फक्त पुढचे दोन हिवाळी घातले, तर वळणावर मागची बाजू घसरून गाडी गरकन फिरू शकते.
• खाचांची खोली बघा. कायद्याला २/३२ इंच चालते, पण बर्फासाठी ६/३२ इंच तरी हवी.
• वय बघा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा.
• हवा तपासत राहा. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो.

लहान गाडीच्या चार हिवाळी टायरना साधारण ५०० ते ८०० डॉलर लागतात. रक्कम मोठी वाटते. पण हिवाळी टायर वापरात असताना उन्हाळी टायर झिजत नाहीत, त्यामुळे दोन्ही संच जास्त वर्षं पुरतात. गाडीचं बजेट ठरवताना हे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा. ८,००० डॉलरची गाडी आणि घासलेले टायर यापेक्षा ७,३०० ची गाडी आणि नवे हिवाळी टायर हा सौदा चांगला.

मग नेमक्या कोणत्या गाड्या बघाव्यात?

एकच 'बेस्ट' गाडी सांगता येणार नाही. पण पर्यायांचे तीन गट करता येतात.

१. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या. टोयोटा कोरोला, होंडा सिव्हिक, मॅझ्दा ३ या वर्गातल्या. इंजिनाचं वजन ताकद मिळणाऱ्या चाकांवरच असतं, त्यामुळे पकड चांगली मिळते. सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि पेट्रोल कमी लागतं. हिवाळी टायर घातले की नियमित साफ होणाऱ्या रस्त्यांवर बहुतेक दिवस या गाड्या पुरतात. मर्यादा एकच, गाडीची उंची. रस्त्यावर फूटभर बर्फ साचला की गाडीचं पोट टेकतं.

२. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या. सुबारू इम्प्रेझा आणि फॉरेस्टर, टोयोटा रॅव्ह ४, होंडा सीआर-व्ही. इम्प्रेझा आणि फॉरेस्टरमध्ये ही यंत्रणा मुळातच येते. रॅव्ह ४ आणि सीआर-व्ही दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे जाहिरातीवर न जाता गाडी प्रत्यक्ष तपासा. बराकीबाहेर, गावात किंवा चढावर राहणाऱ्यांसाठी हा गट सोयीचा. पण बर्फाळ भागात या गाड्यांना मागणी जास्त, म्हणून जुन्याही महाग मिळतात. आणि एक छुपा खर्च असतो. चारही टायरची झीज सारखी असावी लागते. एक टायर फाटला तर कधीकधी चारही बदलावे लागतात.

३. मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कार आणि पिकअप. मस्टँग, कमॅरो, किंवा दोन चाकांवर चालणारा पिकअप ट्रक. ताकद मागच्या चाकांना, वजन पुढे. वर रुंद टायर, जे बर्फात रुतण्याऐवजी त्याच्यावर तरंगतात. हिवाळी टायर घालून या गाड्या चालवणारे लोक आहेत. पण बर्फात पहिल्यांदाच गाडी चालवणाऱ्या, टेक्सास किंवा फ्लोरिडातून आलेल्या मुलासाठी हा धडा महाग पडतो. शिवाय पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला विमा आधीच महाग असतो आणि स्पोर्ट्स कार म्हटलं की तो आणखी चढतो. म्हणून गाडी पसंत केल्यावर नाही, तर पसंत करण्याआधी विम्याचा दर विचारा.

जुन्या गाडीचा खरा आजार: मीठ

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तेच मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि लोखंड खातं. वरून गाडी नवीकोरी दिसते, खालून चेसिस पोखरलेली असते.

हा किरकोळ मुद्दा नाही. टिकाऊपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या टोयोटालाही टॅकोमा, टंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या गंजलेल्या चेसिसच्या प्रकरणात २०१६ मध्ये ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली होती.

म्हणून सेकंड हँड गाडी बघताना किलोमीटरच्या, म्हणजे तिथल्या मैलांच्या, आकड्याआधी खाली वाकून बघा:

• चेसिस आणि दारांखालच्या पट्ट्या. हलकं ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील तर गाडी सोडा.
• ब्रेकच्या लोखंडी नळ्या. गंजून फुटल्या तर ब्रेक जातो.
• मागच्या सस्पेन्शनचे जोड.
• जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग. तो अनेकदा गंज झाकायला मारलेला असतो.

इथे सैनिकाला एक फायदा आहे. बऱ्याच तळांवर सैनिक आपापल्या गाड्या विकायला उभ्या करतात अशी जागा असते. तिला गमतीने 'लेमन लॉट' म्हणतात. टेक्सास किंवा जॉर्जियातून बदली होऊन आलेल्या सैनिकाची गाडी तिथे मिळू शकते, जिने मीठ फारसं पाहिलेलं नाही. अशी गाडी घेतली तर हिवाळ्याआधी बॅटरी, कूलंट आणि काच धुवायचं पाणी मात्र बदलून घ्या. दक्षिणेतलं साधं पाणी उत्तरेत नळीतच गोठतं.

गाडी घेतल्यावर हिवाळ्यात अधूनमधून खालून धुऊन घेणं आणि दर वर्षी गंजरोधक तेल मारून घेणं, ही या प्रदेशातली साधी शिस्त आहे.

अलास्कासाठी वेगळी तयारी

फेअरबँक्समध्ये गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबताना दिसतो. इलेक्ट्रिक कार नव्हे, साध्या पेट्रोल गाड्या! तो प्लग इंजिन गरम ठेवणाऱ्या हिटरचा. गाडी उभी केली की प्लग जोडायचा. पार्किंगमध्येच त्यासाठी विजेचे पॉइंट असतात. त्याच्या जोडीला इंजिन ऑइलच्या टाकीला आणि बॅटरीलाही गरम ठेवणारे पॅड लावतात.

कारण थंडीत दोन गोष्टी एकाच वेळी होतात. ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. उणे १८ अंशांना ती निम्म्याहून खाली येऊ शकते. म्हणून बॅटरी घेताना 'कोल्ड क्रँकिंग अँप्स'चा आकडा बघतात. उणे १८ अंशांना बॅटरी किती करंट देऊ शकते, ते तो सांगतो. ऑइलच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. अर्थात, आपल्या गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच ऑइल घालावं.

अलास्कात सेकंड हँड गाडी घेताना 'हिटर बसवलाय का आणि चालतो का?' हा पहिला प्रश्न.

बदली झाली तर? परदेशी पाठवलं तर?

सैनिकाच्या गाडीचा हा वेगळा पेच आहे. दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली.

अलास्का, हवाई किंवा परदेशात बदली झाली की लष्कर साधारणपणे एक खासगी गाडी सरकारी खर्चाने पाठवतं. पण गाडीवर कर्ज असेल तर त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचं परवानगीपत्र लागू शकतं. भाडेकरारावर म्हणजे लीजवर घेतलेली गाडी मुख्य भूमीबाहेर बदली झाल्यास किंवा १८० दिवस किंवा त्याहून जास्त काळ मोहिमेवर पाठवल्यास कायद्याने परत करता येते. कर्जावर घेतलेल्या गाडीला तशी सोय नाही. तुम्ही वाळवंटात असलात तरी हप्ता सुरूच.

म्हणून ७२ महिन्यांचं कर्ज सैनिकाला जास्त जड जातं. पहिला करारच अनेकदा तीन-चार वर्षांचा असतो. नोकरी संपली तरी गाडी फिटलेली नाही, असं व्हायला नको.

सहीच्या आधी करायच्या सहा गोष्टी

१. आधी कर्ज, मग गाडी. तळावरच्या बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून कर्ज आधीच मंजूर करून घ्या. नेव्ही फेडरलसारख्या संस्था लष्कराच्या सगळ्या दलांना सदस्यत्व देतात. हातात एक दर असला की डीलरला त्याहून कमी द्यावा लागतो.

२. 'महिन्याला किती परवडेल?' या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता कमी दाखवायला मुदत लांबवली जाते. एकूण किती द्यायचे, एवढंच विचारा.

३. मोफत मदत घ्या. तळावर आर्थिक सल्लागार असतात आणि लष्कराचे वकील सहीआधी करार वाचून देतात. कुठल्या दुकानांत जायला सैनिकांना मनाई आहे, याचीही यादी तळाकडे असते. ती बघून घ्या.

४. गाडी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखवा. बऱ्याच तळांवर गॅरेज असतं, जिथे लिफ्टवर गाडी चढवून खालून बघता येते. वाहन क्रमांकावरून अपघाताचा इतिहास आणि अपुरं राहिलेलं कंपनीचं दुरुस्तीचं काम तपासा.

५. कर्ज पक्कं झाल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. 'आज घेऊन जा, कागद नंतर' असं म्हणायचं आणि आठवड्याने 'कर्ज नामंजूर झालं, आता जास्त दराने सही करा' म्हणून बोलवायचं, हा जुना डाव आहे.

६. तीन दिवसांत गाडी परत करता येते, हा समज सोडा. डीलरच्या शोरूममधून घेतलेल्या गाडीला देशभरात लागू असा परतीचा कुठलाही हक्क नाही. सही म्हणजे सही.

गाडी चांगली असली तरी...

डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो परिसरात आलेल्या हिमवादळात ४० हून जास्त लोक गेले. काही जण अडकलेल्या गाड्यांमध्ये सापडले. म्हणजे गाडी कुठलीही असो, काही दिवस घराबाहेर न पडणं हाच पर्याय असतो.

डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल, पाणी आणि कोरडं खाणं असू द्या. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. हिटरसाठी इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा आणि इंजिन थोडा थोडा वेळच चालवा. ते तोंड बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोप लागते आणि माणूस उठत नाही.

थोडक्यात काय?

क्रम लक्षात ठेवा. आधी व्याजदर, मग गंज, मग टायर आणि सगळ्यात शेवटी गाडीचं नाव. बहुतेक तरुण नेमके उलट्या क्रमाने जातात.

हे फक्त सैनिकांपुरतं नाही. बफेलो, शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो अशा शहरांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींचाही अमेरिकेत किंवा कॅनडात पोचल्यावर हाच प्रश्न असतो. कर्जाचा इतिहास कोरा, पहिला हिवाळा आणि पहिली गाडी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण घरी ऐकत आलोच आहोत. उणे वीस अंशांत ते अंथरूण जरा जास्तच नीट मोजावं लागतं, एवढंच.

तुमच्या ओळखीचं कुणी या हिवाळ्यात तिकडे पहिली गाडी घेणार असेल, तर सहीच्या आधी त्यांना हे वाचायला पाठवा.